मंत्र हळू म्हणा, बुवा

साप चावलेला माणूस दवाखान्यात आला की स्वतःबद्दल काही सांगत नाही, सापाबद्दल सांगतो. कुठं दुखतंय म्हणून विचारलं तर दोन्ही हात पसरून म्हणतो, "बाई, एवढा होता." सोबतचा पाहुणा म्हणतो, "एवढा कुठला, ह्याच्यापेक्षा मोठा," आणि तो आणखी हात पसरतो. त्यांचं माप चालू असतं तोवर मी रोग्याच्या पापण्या बघून घेते. पापणी वर जाते का, बोलताना जीभ जड पडते का, गिळता येतं का, हिरड्यांतून रक्त येतंय का. सापाची लांबी मला आयुष्यात कधी उपयोगी पडली नाही.

मी अहमदपूरची. अब्बांचं एसटी स्टँडच्या मागं गाद्या भरायचं दुकान होतं. डॉक्टर झाल्यावर सरकारी नोकरी धरली आणि ती बहुतेक सगळी नांदेड जिल्ह्यात गेली, आधी उमरीला, मग भोकरला. मोठ्या शहरातल्या माझ्या मैत्रिणी कुणी हृदयाच्या झाल्या, कुणी डोळ्यांच्या. मी सापाची झाले. ठरवून नाही. त्या भागात पाऊसकाळ लागला की दवाखान्याच्या दारात रोज हेच यायचं.

बाहेरच्या माणसाला हे काम फार गूढ वाटतं, पण ते तसं नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. जीव घेतात ते मुख्यतः चार. नाग आणि मण्यार माणसाला लुळं करतात. पापण्या मिटतात, मान पडते, शेवटी छातीचे स्नायू थांबतात आणि श्वास बंद होतो. घोणस आणि फुरसं रक्ताची गोठायची ताकद काढून घेतात. औषध मात्र चौघांवर एकच, घोड्याच्या रक्तापासून केलेलं. चावतो साप आणि वाचवतो घोडा, असं मी रोग्याच्या नातेवाइकांना सांगायची. म्हणून कोणता साप होता हे सांगता आलं नाही तरी चालतं. साप सोबत आणायची तर काहीच गरज नसते.

उमरीला एक रिटायर कंडक्टर होते, लक्ष्मणराव. सकाळी ओपीडी भरलेली असताना ते दुधाची किटली घेऊन रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर किटली माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. उजव्या हाताचा अंगठा सुजून वांग्यासारखा झालेला.

"काय चावलं?"

"पुरावा आणलाय," ते म्हणाले.

तेव्हा किटलीतून आवाज यायला लागला. तापलेल्या तव्यावर वाळू घासावी तसा, करकर, करकर. फुरसं चिडलं की अंग अंगावर घासून असा आवाज काढतं. मी पुस्तकात वाचलेलं होतं, ऐकलं त्या दिवशी. आमच्या सुमन सिस्टरांनी सलाइनचं भरलेलं खोकं उचललं आणि किटलीच्या झाकणावर ठेवलं. ओपीडी केव्हाच रिकामी झाली होती.

"लक्ष्मणराव, हे जिवंत कशाला आणलंत?"

"मेलेल्या पुराव्यावर कोण इश्वास ठेवतंय मॅडम. सर्व्हिस अशीच गेली आमची."

अशा वेळी आम्ही साधी तपासणी करतो. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी आडवी करायची. रक्त गोठलं असेल तर चांगलं. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात गेलंय. लक्ष्मणरावांचं वाहिलं. औषध सुरू केलं तर त्यांना थंडी वाजून आली, अंगावर गांधी उठल्या. घोड्याचं औषध काहींना सोसत नाही, त्याची तयारी हाताशी ठेवावीच लागते. दुपारपर्यंत माणूस ताळ्यावर आला. डोळे उघडून पहिला प्रश्न, "किटली कुठाय?" साप पकडणाऱ्याला बोलावून फुरसं माळावर सोडलं, किटली गरम पाण्यानं धुऊन परत दिली. त्यांच्या बायकोनं तिच्यात पुन्हा दूध घेतलं नाही. त्या किटलीनं आता तुळशीला पाणी घालतात, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

कोळ्याचंही सांगायला हवं, कारण अलीकडे मोबाइलवर कसले कसले फोटो फिरतात आणि लोक कोळ्याला सापापेक्षा जास्त भितात. भोकरला एक मुख्याध्यापक मानेवर पाण्याच्या फोडांची रेघ घेऊन आले. हातात काचेची बरणी, तिच्यात घरातला गरीब लांबटांग्या कोळी. त्यांना कोळ्यावरचं इंजेक्शन हवं होतं. मी सांगितलं, सर, आपल्याकडे कोळी चावला तर दुखतं, सूज येते, लाल होतं. जागा धुवायची, गार पट्टी ठेवायची, दुखणं थांबायची गोळी घ्यायची आणि एखादा दिवस लक्ष ठेवायचं. ताप आला, पोटात मुरडा आला, जखम काळी पडली तर परत यायचं. आणि तुमच्या मानेवर तर कोळी चावलेलाच नाही; दिव्यावर येणारा एक किडा असतो, तो मानेवर चिरडला की त्याच्या रसानं असे फोड येतात. सरांनी बरणीकडे बघितलं. आपला कोळी निर्दोष सुटला याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. जाताना म्हणाले, "शाळेत सगळ्यांना सांगून आलो होतो मी."

सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या. एका सालगड्याला साप चावला तेव्हा घरच्यांनी बैलाचा कासरा पायाला करकचून बांधला आणि विष उतरवायला म्हणून दिवसभर बसवून ठेवलं. माझ्याकडे आणला तेव्हा पाय काळानिळा पडलेला. मारलेला साप त्यांनी पोत्यात घालून आणला होता. मी बघितला. धामण होती, बिनविषारी. सापानं त्याला काहीच केलं नव्हतं, पाय दोरीनं गेला. तो माणूस भोकरच्या बाजारात दिसला की कुबडी काखेत धरून मला नमस्कार करायचा, आणि मला त्याच्याकडे बघणं जड जायचं. तेव्हापासून मी बायकांच्या बैठकीत, शाळेत, बाजाराच्या दिवशी एकच सांगत राहिले: बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय मोडल्यासारखा स्थिर ठेवा आणि गाडीत घाला.

आता सविताचं सांगते. हे भोकरचं; सुमन सिस्टरही तोवर बदलून तिथं आल्या होत्या.

श्रावण होता, पंचमी दोन दिवसांवर आलेली. सकाळी ओपीडी उघडत होती तेव्हा एका जीपमधून एका तरुण बाईला उतरवलं. नवऱ्याच्या खांद्यावर तिची मान डुलत होती. नवरा दत्ता, त्याचा चुलता, आणि मागून पदर खोचत येणारी सासू गयाबाई.

"काय होतंय?"

"पोट दुखतंय म्हणती पहाटंपासून," दत्ता म्हणाला. "आता बोलायलाबी येईना गेलंय."

गयाबाई म्हणाली, "काही न्हाई होत तिला बाई. पंचमीला माहेरी जायाचं होतं, म्या न्हाई म्हणलं. सोयाबीन खुरपायचं पडलंय. तवापासून सोंग करून राहिली."

मी सविताला म्हटलं, माझ्याकडे बघ. तिनं बघायचा प्रयत्न केला. डोळे उघडायला तिनं कपाळ आक्रसून भुवया वर ओढल्या, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. कुणालाही हे सोंग वाटेल. मला वाटलं नाही. जीभ बाहेर काढ म्हटलं तर दातांपुढं येईना. तोंडातली लाळ गिळता येत नव्हती.

"रात्री झोपली कुठं होती?"

"खालीच. गोधडीवर."

"साप चावला का?"

"न्हाई," तिघंही एकदम म्हणाले. आम्ही तिचे हात, पाय, कान, केसांतली जागा बघितली. कुठं काही नव्हतं.

मण्यार अशीच असते. उंदरामागं घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते आणि कूस बदलताना चावते. दात इतके बारीक की मुंगी चावल्याएवढंही कळत नाही, सूज नाही, रक्त नाही. सकाळी पोट दुखतं आणि पापण्या जड होतात. मी नातेवाइकांना म्हटलं, हिला मण्यार चावलीय. गयाबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू सुनेच्या सोंगात आता डॉक्टरीणही सामील झाली.

औषध सुरू केलं. पण मण्यारीचं एक वाईट असतं. औषध रक्तात फिरणाऱ्या विषाला धरतं. जे आधीच नसांवर जाऊन बसलंय ते त्याला सोडवता येत नाही. ते आपल्या वेळेनं सुटतं. तोवर रोग्याचा श्वास आपण चालू ठेवायचा, एवढीच यातली विद्या आहे. सविताची छाती हलेनाशी झाली तेव्हा मी घशात नळी घातली आणि सुमन सिस्टरांनी नळीला फुगा जोडला. हा रबरी फुगा हातानं दाबला की हवा छातीत जाते, सोडला की बाहेर येते. श्वासाचं मशीन आमच्याकडे नव्हतं. ते नांदेडला होतं, आणि तिथवर तासाभराचा रस्ता होता.

एवढ्यात दत्ताचा मोबाइल वाजला. शेजारच्यानं घरातलं अंथरूण झटकलं होतं. गोधडीच्या घडीत मण्यार निघाली होती.

गयाबाई भिंतीला टेकून खाली बसली.

सविता आता पूर्ण लुळी पडली होती. डोळे मिटलेले, पापणी उघडून बघितली तर बाहुली मोठी झालेली, बॅटरी मारली तरी हलत नव्हती. चुलत्यानं जवळ येऊन बघितलं आणि मागं सरला. "गेली ही," तो म्हणाला. "उगी चिरफाड करू नका. गावाकडं नेऊ द्या. किसनबुवाला निरोप धाडलाय, मारुतीच्या पारावर ठेवू. व्हायचं आसंल ते तिथं व्हईल."

मी म्हटलं, "गेली नाही. ती आत आहे. हिला सगळं ऐकू येत असणार, नीट बोला." पण असं बोललेलं कोण खरं मानतं. दत्ता रडायला लागला. चुलता बाहेर जाऊन सोयऱ्याधायऱ्यांना फोन करू लागला. मी अँब्युलन्स दाराशी लावून घेतली, तर तो दारातच आडवा उभा राहिला. बुवा आल्याशिवाय तो सोडणार नव्हता.

मोटरसायकलवर मागं बसून किसनबुवा आले. पांढरं धोतर, गळ्यात माळ, वय झालेलं. आसपासच्या गावांतला सगळ्यात नावाजलेला साप उतरवणारा. हा माणूस मला नावानं माहीत होता; त्याच्याकडे थांबून उशिरा आलेले रोगी मी बघितले होते, आणि त्याच्याबद्दल मनात राग होता. बुवा सविताच्या उशाशी उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा. हाय का काही हिच्यात?"

"हाय. दम संपलाय, जीव न्हाई संपला. हा फुगा थांबला तर मात्र संपेल."

त्यांनी मान हलवली. "मण्यारीचं माझ्या हातानं आजवर एकबी उठलं न्हाई," ते म्हणाले. हे फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. मग चुलत्याकडे वळून मोठ्यानं, "गाडी जाऊ द्या."

"बुवा, तुम्ही मंत्र..."

"मंत्र गाडीत म्हणतो की," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "म्हणलं तर चालंल न्हव?"

"चालेल. पण हात रिकामे ठेवू नका. फुगा दाबायला माणसं लागतील."

दवाखान्यात दुसरे डॉक्टर होते म्हणून मला जाता आलं. पुढं ड्रायव्हरशेजारी दत्ता, मागं मी, सुमन सिस्टर, किसनबुवा आणि गयाबाई. फुगा दाबायचं काम दिसतं तेवढं सोपं नसतं. थोड्या वेळानं मनगट भरून येतं, आणि गाडी खड्ड्यातून गेली की नळी जागची हलेल म्हणून ती धरून ठेवावी लागते. मी नळी धरली, सिस्टरांनी नाडी आणि सलाइन. बुवांच्या हातात फुगा दिला. दाबा, सोडा, दाबा, सोडा, असं दोनदा दाखवलं. त्यांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला, आणि मंत्राच्या लयीवर त्यांचा हात चालायला लागला. मंत्र वेगाचा होता. फुगाही तसाच पळायला लागला.

"मंत्र हळू म्हणा, बुवा," मी म्हटलं.

"आसंच म्हणावं लागतंय बाई, गुरूनं आसंच दिलंय."

"तुमच्या मंत्रावर तिचा श्वास चाललाय. तुम्ही धावलात तर ती धापा टाकील."

त्यांनी डोळे उघडले. खालच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग मंत्र सुरू केला, अगदी सावकाश, लहान लेकराला पाठ करून द्यावा तसा. एका ओळीला एक श्वास. ओळ संपली की हात सुटायचा, छाती खाली जायची. त्यापेक्षा चांगली लय मी कुठल्या शिकलेल्या हातातही बघितली नाही.

गयाबाई पायाशी बसली होती. अर्धा रस्ता गेल्यावर ती सरकत सरकत सविताच्या डोक्याशी आली आणि तिच्या कानाला तोंड लावून बोलायला लागली. गाडीच्या आवाजात मला शब्द कळले नाहीत. तिला उठवून मागं बसवावं असं मनात आलं, पण नळीला धक्का लागत नव्हता, म्हणून बसू दिलं.

नांदेडला सविता मशीनवर गेली. मी निघताना बुवा पायरीवर बसून चहा पीत होते. चुलत्याचा फोन येत होता तो त्यांनी घेतला नाही.

आधी तिच्या पायाचं बोट हललं, मग पापणी, मग मान. पुढच्या महिन्यात ती स्वतःच्या पायांनी चालत ओपीडीत आली, नारळ घेऊन. सोबत दत्ता. त्याला मी औषधाच्या खिडकीकडे पाठवलं तशी ती खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "बाई, मला समदं ऐकू येत होतं."

आपल्या डोळ्यांवर काळसर झापड पडलेली, बोटही हलवता येत नाही, आणि चुलतसासरा मोबाइलवर कुणाला तरी लाकडं कुठं मिळतील ते विचारतोय, हे तिनं ऐकलं होतं. "ओरडावं वाटायचं. आवाज कुठून काढू? मग तुम्ही म्हणल्या, ती आत हाय. तवा बरं वाटलं." बुवांचा मंत्र तिला आता पाठ झाला होता. "मधी ते खोकायचे आन् थांबायचे. तवा लई जीव घाबरायचा."

"आणि सासूबाई काय बोलत होत्या?"

ती हसली. "म्हणायच्या, सविते, तुला पंचमीला लावून देते. दिवाळीलाबी देते. तू म्हणशील तवा देते. माझं खुरपं गेलं चुलीत. तू उठ फकस्त." मग म्हणाली, "आजून एक म्हणल्या. ते न्हाई सांगत."

मी तिच्या पापण्या एकदा बघून घेतल्या.

चुलतसासरा घरी आला की ती त्याला पाणी देते, चहा देत नाही, असं मात्र तिनं आवर्जून सांगितलं. आणि माहेरी ती आता दर सणाला जाते. गयाबाई एकदा माझ्याकडे बीपीच्या गोळ्यांसाठी आली तेव्हा तक्रार करत होती. "डाक्टरीणबाई, तिला खरंच ऐकू येतंय हे मला नीट सांगायचं की. मला वाटलं, तुम्ही आमची समजूत घालून राहिल्या."

"नीट सांगितलं असतं तर तुम्ही एवढं बोलला असतात का?"

तिनं पदर तोंडाला लावला. "थोडं कमी बोलले आसते."

सविताच्या घरात आता सगळे खाटेवर झोपतात, मच्छरदाणी गादीखाली खोचून. तेच मी गावोगाव सांगते. अब्बांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "बेटी, तू तो डाक्टरी करते करते हमारी दुकान चला रई." किसनबुवाही सांगतात. त्यांच्याकडे साप चावलेलं कुणी आलं की ते आधी गाडी बोलावतात आणि मग मंत्र म्हणतात. मी त्यांना अडवलं नाही. त्यांचं नाव राहिलं, माझ्याकडे रोगी वेळेत यायला लागले. दोघांचंही भागलं.

रिटायर व्हायच्या आदल्या पाऊसकाळात पुन्हा एक मण्यारीची रोगी आली, कुठल्याशा तांड्यावरची पोर, लग्न ठरलेली. तिलाही नळी घातली, अँब्युलन्सची वाट बघत होतो. तिची आई भिंतीवर डोकं आपटत होती आणि बाप दारात उभा राहून म्हणत होता, आता काही उरलं न्हाई. मी आणि सिस्टर फुग्यात गुंतलेलो, त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. गयाबाई त्या दिवशी तिच्या गोळ्यांसाठी रांगेत होती. ती रांग सोडून आत आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. बापाचा दंड धरून तिनं त्याला बाहेर नेलं आणि म्हणाली, "आसलं बोलायचं आसंल तर रस्त्यावर जाऊन बोल. तिला ऐकू येतंय."

मग परत आली, स्टूल ओढून त्या अनोळखी पोरीच्या कानाशी बसली. तिच्या केसांवरून हात फिरवत बोलायला लागली, अगदी सावकाश. "घाबरू नको माय. डोळा उघडंना म्हणून घाबरू नको, त्यो उघडतो मागून. माझ्या सुनेचा उघडला. ह्या बाई हायत ना, त्या तुझा दम घेऊन राहिल्या. तू निस्ती पडून राहा. म्या बसले इथं."